रस्त्याच्या खोदकामात जुने दगडी गोल, खापरं, हाडं निघाली तर अर्ज कसा करायचा

पांदण रस्ता असो की हायवे, आपल्याकडं जेसीबी लागला की कधी मुरमातून मोठ्या गोट्यांचा गोल निघते, कधी काळी-लाल खापरं, गंजलेलं लोखंड नाहीतर हाडं. असा गोल बरेचदा शिळावर्तुळ राहते, म्हणजे इसवी सनापूर्वी 1000 ते 300 च्या आसपासच्या लोकांची दफनाची जागा. नागपूर जिल्ह्यातले जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट अशाच गोलांनी ओळखले जातात आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणून काम तिथंच थांबवा, एकही गोटा हलवू नका, कारण कोणती वस्तू किती खोल आणि कशाजवळ होती यावरच सगळा अभ्यास चालते, मणी धुऊन घरी नेला की त्याची अर्धी माहिती गेलीच समजा.

असं काही सापडल्याचं कळवायचा अर्ज कोणीही करू शकते, वावराचा मालक, मजूर, ठेकेदार, सरपंच. जमीन आपल्या नावावर पाहिजे असं काही नाही. साध्या कागदावर कलेक्टरच्या नावानं लिहा (तहसीलदारामार्फत दिला तरी चालते) आणि प्रत नागपूरच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या ऑफिसला पाठवा. त्यात गाव, गट नंबर, तारीख, काय दिसलं, किती खोल, हे सगळं लिहा, सोबत सातबारा, शेतनकाशा, मोबाईलचं लोकेशन आणि फोटो लावा, फोटोत बाजूला टेप नाहीतर काठी ठेवा म्हणजे आकार कळते. पटवाऱ्याचा पंचनामा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर लय चांगलं, पण त्याच्यासाठी अर्ज थांबवू नका.

नाणी, दागिने निघाले तर 1878 चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागते. 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही असलं तरी कलेक्टरला लेखी कळवाच लागते, लपवलं तर आपला हिस्सा जाते वरून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि जुना मालक कोणी ठरला नाही तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला हिस्सा मिळते, सरकारनं माल ठेवून घेतला तर पैसे देते.

जागा आधीच केंद्राची संरक्षित असेल तर गोष्ट वेगळी. हद्दीपासून 100 मीटरात नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची एनओसी लागते आणि तो अर्ज ऑनलाइन होते. रस्त्याच्या ठेकेदाराला हे काम सुरू व्हायच्या आधीच विचारा.

बरेच जण सांगत नाहीत कारण वावर जाईल अशी भीती वाटते. नुसत्या अर्जानं जमीन जात नाही. केंद्राला जागा संरक्षित करायची असेल तर आधी राजपत्रात नोटीस निघते आणि हरकत घ्यायला 2 महिने मिळतात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्याच. अधिकारी येईपर्यंत खड्ड्यावर ताडपत्री टाका, पावसाळा असेल तर पाणी बाजूनं वळवा आणि रात्री कोणी उकरणार नाही याकडं कोतवालाला लक्ष ठेवायला सांगा.