घरातील वेलींवरील लाल कोळी

लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी सूक्ष्म कीड आहे. घरात कुंडीत वाढवलेल्या आयव्ही, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, होया, मनीप्लांट अशा वेलींवर ती पडते. घरात बहुतेक वेळा आढळते ती 'दोन ठिपक्यांचा कोळी' ही जात. तिचे शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिकी असून कार्ल लुडविग कोख या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. ही जात १,००० हून अधिक वनस्पतींवर जगू शकते, त्यामुळे घरातली एकही वेल तिच्यापासून निर्धास्त नसते.

नाव थोडे फसवे आहे. आठ पायांचा असल्याने हा कीटक नव्हे, पण जाळे विणून माश्या धरणारा कोळीही नव्हे. त्याचे जवळचे नाते गोचिडाशी आहे. 'लाल' हे विशेषणही अर्धेच खरे. याच जातीचा गडद लाल प्रकार असतो, आणि दिवस लहान होऊन थंडी पडली की सुप्तावस्थेत जाणाऱ्या माद्या नारिंगी-लाल होतात. एरवी तो हिरवट-पिवळा असतो. पाठीवरचे दोन काळपट ठिपके म्हणजे अर्धपारदर्शक अंगातून दिसणारे पोटातले अन्न. मादीची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती धुळीच्या कणासारखी भासते.

नुकसान आणि ओळख

कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतो. सुईसारखे मुखावयव पेशीत खुपसून तो हरितद्रव्यासह आतला ऐवज ओढून घेतो. मिनिटाला साधारण २० पेशी रिकाम्या होतात. रिकाम्या पेशींचे ठिपके वरच्या बाजूने फिकट, सुईने टोचल्यासारखे दिसतात. ते एकमेकांत मिसळले की पान निस्तेज होते, मग पिवळे किंवा तांबूस पडून गळते. या टप्प्यावर अनेकजण खत किंवा पाणी कमी पडले असे समजून कुंडीत जास्तीचे ओततात आणि आठवडा वाया घालवतात. देठ आणि पान यांच्या बेचक्यात बारीक जाळी दिसेपर्यंत प्रादुर्भाव बराच पुढे गेलेला असतो.

खात्री करायला भिंग उत्तम, पण पांढरा कागदही चालतो. संशयित पान कागदावर धरून टिचकी मारावी. पडलेले ठिपके थोड्या वेळाने सरपटू लागले आणि बोटाने दाबल्यावर हिरवट किंवा तांबडी रेघ उमटली, तर शंका उरत नाही. इतर किडींच्या खुणा वेगळ्या असतात. फुलकिड्यांमुळे पानावर चंदेरी चट्टे आणि त्यांत काळे ठिपके दिसतात. पिठ्या ढेकणाचा कापसासारखा थर तर लांबूनच ओळखू येतो. कागदावर एखादा ठिपका भलत्याच चपळाईने पळाला, तर तो कोळी खाणारा परभक्षी कोळीही असू शकतो.

वाढीचा वेग

अंड्यातून सहा पायांची अळी निघते. पुढे पिलांच्या दोन अवस्था आणि मग प्रौढ. तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर हा प्रवास आठवडाभरात संपतो, २० अंशांना त्याला दोन-तीन आठवडे लागतात. एक मादी आयुष्यात १०० च्या आसपास अंडी घालते. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात आणि फलित अंड्यांतून माद्या. म्हणजे मीलन न झालेली एकटी मादी वेलीवर पोचली, तरी ती आधी नर जन्माला घालून, पुढे त्यांच्याशीच मीलन करून वसाहत उभी करू शकते. उबदार, कोरड्या हवेत ही गती सर्वाधिक असते. दिवे आणि ऊब असलेल्या खोलीत सुप्तावस्थेची चाहूलच लागत नाही, म्हणून तिथे प्रजनन वर्षभर चालू राहते.

पानांवर रोज पाण्याचे फवारे मारून आर्द्रता वाढते आणि कोळी जातो, ही समजूत लोकप्रिय आहे. फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता थोड्याच मिनिटांत पूर्ववत होते. पाणी उपयोगी पडते ते जोराने धुण्यासाठी.

नियंत्रण

वेलीवरच्या कोळ्याशी झुंजताना औषध किती जहाल, यापेक्षा ते कुठवर पोचले आणि किती दिवसांनी पुन्हा दिले, याला महत्त्व आहे. ताठ झाडाची पाने उलटून पाहता येतात. वेलीची पाने मात्र एकमेकांवर पडलेली असतात, मॉसच्या (शेवाळ गुंडाळलेल्या, आधाराच्या) काठीला बिलगलेली असतात, आणि एक सुटलेले पान पुन्हा सुरुवात करायला पुरते. म्हणून फवारण्याआधी कात्री हातात घ्यावी. जाळी धरलेले, ठिपक्यांनी भरलेले शेंडे सरळ छाटून पिशवीत बंद करून टाकावेत. पेरांतून नवे फुटवे येतात, तेव्हा वेलीला ही छाटणी सहसा सोसते. कुंडी इतर झाडांपासून लगेच वेगळी करावी. कोळी एकमेकांना टेकलेल्या पानांवरून चालत जातो आणि धाग्याला लोंबकळून वाऱ्याच्या झुळकीवरही जातो.

उरलेली वेल नळाखाली, खालच्या बाजूवर भर देऊन धुवावी. लहान कुंडीसाठी एक जुनी युक्ती अजूनही सरस आहे: माती प्लास्टिकने घट्ट झाकायची, कुंडी उलटी धरायची आणि सगळी पाने बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुचकळायची. आयव्हीसारख्या दाट वेलीला फवारणीपेक्षा हे अधिक लागू पडते.

कीटकनाशक साबण, म्हणजे मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार, ओला असेपर्यंतच आणि थेट अंगावर पडला तरच कोळ्याला मारतो. क्षारयुक्त जड पाण्यात त्याची साय धरते आणि जोर कमी होतो. भांडी घासण्याचा द्रव हा त्याला पर्याय नाही, कारण तो पानावरचे मेणही काढू शकतो. कडुनिंबाचे किंवा बागकामाचे खनिज तेल कोळी आणि अंडी दोन्हींना गुदमरवते. मात्र कडक उन्हात किंवा पाण्याअभावी सुकलेल्या वेलीवर तेल मारले तर पाने करपतात, आणि होयासारख्या जाड, मेणचट पानांच्या वेलीवर आधी एका पानावर चाचणी घ्यावी. गंधकाची फवारणी आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे.

साबणाने अंडी फारशी मरत नाहीत. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी, तीन-चार वेळा उपचार करावा लागतो. दुसऱ्या फेरीनंतर वेल स्वच्छ दिसू लागते, आणि नेमके तिथेच बहुतेकजण थांबतात.

साधी कीटकनाशके इथे अपाय करतात. पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी कोळ्याचे शत्रू आधी मरतात. मातीत घालायचे इमिडाक्लोप्रिड कोळ्याला मारत नाही. त्याच्या वापरानंतर कोळी वाढल्याचेही आढळले आहे. खास कोळीनाशके असतात, पण या जातीने ९० हून अधिक रसायनांना प्रतिकार विकसित केला आहे. एकच औषध वारंवार वापरू नये, आणि बंद खोलीत रसायन फवारणे मुळातच टाळावे.

परभक्षी कोळी

फायटोसियुलस पर्सिमिलिस हा नारिंगी परभक्षी कोळी फक्त लाल कोळ्याच्या कुळातल्या कोळ्यांवर जगतो आणि जाळ्यातही सहज शिरतो. १९५० च्या दशकात चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडबरोबर तो अनवधानाने पोचला, आणि पुढे काचगृहांत जैविक नियंत्रणासाठी त्याची पैदास होऊ लागली. त्याला दमट हवा लागते. कोरड्या खोलीसाठी निओसियुलस कॅलिफोर्निकस बरा, कारण तो परागकणांवरही तग धरतो. साबण किंवा तेल वापरणे चालू असताना परभक्षी सोडले तर तेही मरतात.

खोडापर्यंत पानगळ झालेली वेल वाचवण्यापेक्षा तिचा एखादा निरोगी शेंडा कापून, साबणाच्या पाण्यात बुचकळून आणि धुऊन नव्याने रुजवणे सोपे. मॉसची जुनी काठी मात्र त्याबरोबर घेऊ नये, आणि नवे रोप तीन आठवडे तरी इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.