जंगलातली औषधी आहे, मग अपाय कसला?

‘जंगलातली जडीबुटी नैसर्गिक असते, तिचा अपाय होत नाही.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. पटतंही चटकन, कारण तुळस-आल्याचा काढा घरोघरी होतो.

पण सह्याद्रीतली कळलावी घ्या. पावसाळ्यात फुलते: ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्या, पानाचं टोक वेटोळं होऊन शेजारच्या झुडपाला धरलेलं. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य गाउटवर (सांधे सुजून दुखण्याच्या एका आजारावर) देतात, पण गोळी असते जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची. कच्च्या कंदात ते किती आहे, हे बघून कळत नाही. जास्त गेलं तर माणूस दगावतो. खुद्द आयुर्वेद कळलावीला (लांगली) उपविषांत मोजतो आणि आधी शोधन (विषारीपणा कमी करायची प्रक्रिया) सांगतो. नरक्या या झाडाच्या बाबतीतही कच्चा माल म्हणजे औषध नव्हे. कॅन्सरवरची काही औषधं त्यातल्या कॅम्प्टोथेसिनमध्ये रासायनिक बदल करून बनली, साल उकळून नाही.

मेसेज आला की एवढं बघा: शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, शुद्धी, मात्रा. यातलं काही गाळलं असेल तर आधी वैद्यांना विचारा. कंद पोटात गेलाच, तर लगेच दवाखाना गाठा. त्रास काही तासांनी सुरू होतो.