चेंडू कोर्टात पाडायचा तर रॅकेट वर न्या

विदर्भातल्या खेड्यात टेनिसचा चेंडू हमखास सापडतो, टेनिस मात्र क्वचितच. पऱ्हाटी उपटली की मोकळ्या वावरात टेनिस बॉल क्रिकेट सुरू होतं. त्यातल्या एखाद्या पोराच्या हाती रॅकेट द्या; पहिलाच फटका तो सिक्सर मारल्यागत हाणतो अन् चेंडू धुऱ्यापार जातो. ताकद भरपूर आहे, अडचण भूमितीची आहे.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, जाळी मधोमध ०.९१४ मीटर उंच. मागच्या रेषेवरून, एक मीटर उंचीवर चेंडू मारला असं धरा. हवेचा अडथळा सोडून गणित मांडलं, तर ताशी ७२ किमी वेगाच्या चेंडूला जवळपास ७ अंशांची मोकळीक मिळते. आडव्या रेषेपासून ८ ते १५ अंश वर कुठेही मारा, तो आत पडतो. वेग दुप्पट केला की एक दशांश अंशही उरत नाही! खरी हवा चेंडूला मंदावते, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त सूट मिळते, एवढंच.

मग मोठे खेळाडू इतक्या जोरात मारतात कसे? टॉपस्पिनच्या जिवावर. फोरहँडला, म्हणजे रॅकेटच्या हाताकडच्या फटक्याला, रॅकेट गुडघ्याजवळून निघून खांद्यापर्यंत वर जाते. तारा चेंडूला खालून वर घासतात आणि तो पुढच्या दिशेने गरगरतो. त्याच्या अंगावरची लव भोवतालच्या हवेला ओढते, मागे सुटणारी हवा वर वळते आणि चेंडू स्वतः खाली दाबला जातो. हाच मॅग्नस परिणाम. नवशिके यासाठी मनगट चेंडूवरून फिरवायला जातात. ते व्यर्थ आहे, कारण चेंडू तारांवर जेमतेम ५ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात मनगट काही करू शकत नाही. जे करायचं ते आधीच्या झोतात.

बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, सुरुवातीला दोन्ही हातांनी मारावा. सर्व्हिसला मूठ कुऱ्हाड धरल्यासारखी. बाकी सराव शाळेच्या भिंतीवर होतो. जाळीच्या उंचीची रेघ खडूने ओढा आणि तिच्या हातभर वर मारा.

त्यासाठी नवा चेंडू घेऊ नका. नियमाप्रमाणे २५४ सेंमीवरून काँक्रीटवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा. उन्हाळ्यात आतली हवा तापते, उसळी आणखी वाढते. क्रिकेट खेळून दम गेलेला चेंडू कमी उसळतो, भिंतीवरून मंद परततो आणि शिकणाऱ्याला पाय हलवायला वेळ देतो.