मज्जारज्जूची इजा: हाताची परीक्षा आणि यांत्रिक हात

मानेपाशी मज्जारज्जूला इजा झाली की पाय जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हातही जातात, याकडे बाहेरच्यांचं लक्ष उशिरा जातं. ज्यांच्यावर बेतलंय त्यांचा हिशेब मात्र वेगळा असतो. २००४ साली संशोधक किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं की नेमकं काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हातपाय चारही अधू झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ‘हात’ म्हटलं. चालण्याचा नंबर बराच खाली लागला.

हा प्रश्न विचारण्याइतकी माणसं जगू लागली, हीच गोष्ट तशी अलीकडची. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात या इजेसाठी खास विभाग सुरू केला, त्याआधी बहुतेक रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने जात. त्याच रुग्णालयातून १९६९ मध्ये इजा किती गंभीर हे सांगणारी फ्रँकेल श्रेणी आली: ए ते ई, पाच अक्षरं. इजेच्या खालचं सगळं शरीर एका अक्षरात बसवलेलं, त्यामुळे हाताबद्दल त्यातून जवळपास काहीच कळत नसे. पुढे ‘एशिया’ (ASIA) या अमेरिकेतल्या मज्जारज्जू-इजा संघटनेचे निकष १९८२ मध्ये आले. आज त्यात प्रत्येक हाताच्या पाच हालचालींना ० ते ५ गुण देतात: कोपर वाकवणं, मनगट वर उचलणं, कोपर सरळ करणं, बोटं मिटणं, करंगळी बाजूला नेणं.

इजा कुठवर आहे हे ठरवायला ही पद्धत उत्तम. पण हाताचा उपयोग किती, हे तिला विचारू नये. मानेतल्या सहाव्या पातळीपर्यंतच्या मज्जातंतूंचा पुरवठा शाबूत असलेल्या माणसाची बोटं स्वतःहून हलत नाहीत, त्यांना शून्य गुण. तरी तो मनगट वर उचलतो, त्याबरोबर बोटांच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात, बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट सोडलं की पकड सुटते. एवढ्या जोरावर लोक कप उचलतात, दात घासतात. याला टेनोडेसिस पकड म्हणतात. ती टिकावी म्हणून मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणणं थेरपिस्ट कटाक्षाने टाळतात.

स्वीडनचे शल्यविशारद एरिक मोबर्ग यांनी हे नीट ओळखलं. चालू स्नायूची कंडरा निकामी जागी जोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं आणि स्पर्शाचा मुद्दा लावून धरला. बोटाला स्पर्शच कळत नसेल तर पकड डोळ्यांनी सांभाळावी लागते, आणि डोळे एका वेळी एकाच हातावर राहू शकतात. नुसत्या स्नायूंच्या गुणांत हे येत नाही.

यंत्रांची वाट दुसरीकडून आली, पोलिओतून. १९५०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ मॅककिबेन यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या बोटांसाठी त्यांनी जाळीदार आवरणातली रबरी नळी वापरली: वायू भरला की ती फुगून आखडते आणि आधारपट्टीत बांधलेली बोटं मिटतात. आजच्या मऊ रोबोटिक हातमोज्यांची ही पूर्वजच म्हणायची. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात विजेवर चालणारा हात झाला, तो जिभेने बटणं दाबून चालवायचा. एकेक सांधा वेगळा हलवत घास तोंडापर्यंत न्यायला किती चिकाटी लागत असेल! व्हीलचेअरवर बसवायचा ‘मानुस’ हात नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात तयार झाला आणि कॅनडाचा ‘जाको’ त्यानंतर पाव शतकाने.

मोजणं आणि बनवणं एकत्र आलं क्लीव्हलंडमध्ये. अमेरिकेतल्या या शहरात तयार झालेल्या ‘फ्रीहँड’ यंत्रणेत शरीरात बसवलेले इलेक्ट्रोड स्नायूंना विजेचे झटके देत आणि दुसऱ्या बाजूच्या खांद्याच्या हालचालीवर मूठ उघडे-मिटे. १९९७ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण काही वर्षांतच कंपनीने ती बाजारातून काढली. तिच्यासाठी १९९४ मध्ये एक चाचणी बेतली गेली: खुंटी, ठोकळा, डबा, काटा, वजन आणि व्हिडिओ कॅसेट अशा सहा वस्तू, ३० सेकंदांत किती वेळा उचलून ठेवता येतात ते मोजायचं. ज्यांनी यंत्र केलं त्याच वर्तुळातून मोजपट्टीही आली, हे मला थोडं खटकतं. पण दुसरं कोणी मोजतही नव्हतं.

टोरांटो आणि झुरिचच्या गटांनी मिळून ‘ग्रास्प’ चाचणी घडवली, तेव्हा ताकद, स्पर्श आणि पकड एकत्र तपासली जाऊ लागली. बाटलीतून पाणी ओतणं, बरणीचं झाकण फिरवणं, किल्ली लावणं, नाणी फटीत टाकणं ही तिच्यातली कामं. २०१६ मध्ये मेंदूतल्या चिपने हाताचे स्नायू चालवणाऱ्या ओहायोतल्या प्रयोगात तिचा वापर झाला.

रोबोटिक हाताचा उपयोग मोजण्याची अडचण मात्र राहिलीच. पिट्सबर्गच्या चमूने मेंदूच्या संकेतांवर चालणारा हात तपासला तो पक्षाघाताच्या रुग्णांसाठी केलेल्या चाचणीने, कारण हाताशी तीच होती. यंत्राने पेला उचलला तर गुण कोणाचे, यंत्राचे की माणसाचे? आणि दवाखान्यात पाण्याचा पेला उचलणारा घरी तो उचलतोच असं नाही. म्हणून टोरांटोतल्या संशोधकांनी डोक्यावर छोटा कॅमेरा लावून घरातल्या कामांत हात किती वेळा वापरला जातो, हे संगणकाकडून मोजून घ्यायला सुरुवात केली आहे.