गोबरगॅसचं अनुदान: अर्ज भरण्याआधी शेण मोजा

उकिरड्यावर साचून कुजणाऱ्या शेणातून मिथेन हवेत सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. गोबरगॅस संयंत्रात हाच वायू साठून शेगडीवर जळून जातो आणि बाहेर पडलेली मळी (गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ शेण) शेताला मिळते. (रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरेतून जाणाऱ्या मिथेनवर मात्र गोबरगॅस हा इलाज नाही.)

2 नोव्हेंबर 2022 ला केंद्राने राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. 2021-22 ते 2025-26 साठी आखलेल्या या कार्यक्रमात रोज 1 ते 25 घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्रांना अनुदान ठरलं. 2 ते 4 घनमीटरसाठी ते सर्वसाधारण गटाला 14,350 रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींना 22,000 रुपये. शौचालय जोडल्यास आणखी 1,600. चालू वर्षाचे दर आणि तालुक्याला किती संयंत्रं मंजूर आहेत, हे आधी विचारून घ्या.

महाराष्ट्रात अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात करायचा. स्वतःची जनावरं आणि जागा हवी, आणि आधी याच कामासाठी अनुदान घेतलेलं नसावं.

घोळ होतो तो आकार ठरवताना. अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठं संयंत्र मागणारे पुढे अर्धपोटी घुमट (गॅस साठवणारा भाग) सांभाळत बसतात. 1 घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो ताजं शेण लागतं. मोठं जनावर दिवसाला 10 किलोच्या आसपास शेण देतं, म्हणजे 2 घनमीटरला पाच जनावरं हवीत. जनावरं दिवसभर रानात चरत असतील, तर तिथलं शेण हिशेबात धरू नका. गोठ्यात पाटीभर जे हाती येतं तेवढंच खरं. शेणाइतकंच पाणीही रोज कालवावं लागतं. उन्हाळ्यात विहीर आटत असेल तर हेही आधीच बघा.

कागदपत्रं नेहमीचीच: आधार, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुकाची प्रत, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि पूर्वी लाभ न घेतल्याचं हमीपत्र. आधार, सातबारा आणि पासबुक यांवरचं नाव जुळतंय का, ते घरीच तपासा; आडनावाच्या एका वेलांटीपायी फाईल परत येते.

अर्ज गेल्यावर जागेची पाहणी होते. जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळची, पण विहिरीपासून लांब असावी. मंजुरी हातात येण्याआधी खड्डा खणू नका. अनुदान संयंत्र चालू झाल्यावर, तपासणी आणि फोटो झाल्यानंतर बँकेत जमा होतं. तोवर गवंडी, विटा, सिमेंट, पाइप सगळा खर्च आपल्या खिशातून. पहिल्या भरणीला काही टन शेण एकदम लागतं, ते आधीपासून साठवा किंवा शेजाऱ्याकडे सांगून ठेवा.

बांधणाऱ्याकडून पाच वर्षांच्या हमीचा कागद मात्र लेखी घ्या. घुमटाला तडा गेला की तोच कामी येतो.