डिस्पर्स्ड कॅम्पिंग

डिस्पर्स्ड कॅम्पिंग : अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत, आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडपासून दूर, कसलीही सोय नसलेल्या जागी तंबू ठोकून किंवा गाडी उभी करून केलेला मोफत मुक्काम. ‘डिस्पर्स्ड’ म्हणजे विखुरलेला. शब्द सरकारी कागदांतला आहे. चाकांवरचे घर घेऊन फिरणारे लोक यालाच ‘बूनडॉकिंग’ म्हणतात आणि त्या शब्दाची कुळकथा जास्त मजेदार आहे. तागालोग भाषेत ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर. फिलिपिन्समध्ये लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो उचलला आणि ‘आडरान’ या अर्थाने घरी आणला. अशा मुक्कामाच्या जागी नळ नसतो, संडास नसतो, कचऱ्याचा डबा नसतो, बऱ्याचदा मोबाइलला रेंजही नसते. आगाऊ नोंदणी नाही, भाडे नाही आणि छोट्या गटाला सहसा परवानाही लागत नाही.

भारतातून गेलेल्या प्रवाशाची गल्लत होते ती राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांत. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन ही उद्याने. ती इंटिरिअर, म्हणजे सरकारी जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणाऱ्या, खात्याकडे आहेत. राष्ट्रीय वने कृषी खात्याकडे आहेत, आणि सगळा फरक यातच आला. उद्यान जपायचे, वन वापरायचे. वनात लाकूडतोड होते, गुरे चरतात, खाणी चालतात, हंगामात शिकारही होते. झाड हे तिथे सावकाश वाढणारे पीक. याच हिशेबात माणसाचा मुक्कामही एक ‘वापर’ म्हणून बसतो. उद्यानात ठरलेल्या जागेबाहेर गाडीत झोपलात तर रेंजर काचेवर टकटक करणार. उद्यानाची हद्द संपून वनाची लागली की तीच गाडी आणि तीच झोप कायदेशीर. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण प्रवेशद्वाराबाहेर तुसायान नावाचे हॉटेलांचे गाव आहे. त्याच्या भोवती कायबाब राष्ट्रीय वन पसरले आहे. गाव मागे टाकून मातीच्या रस्त्याला वळले की पाँडेरोसा पाइनच्या सावलीत रात्र काढायला एक डॉलरही पडत नाही.

ही वने आली कोठून? १८९१च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सरकारी जमिनीतले जंगल राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला. १९०५ मध्ये ही राखीव जंगले कृषी खात्याकडे आली आणि गिफर्ड पिंचो यांच्या हाताखाली ‘फॉरेस्ट सर्व्हिस’ उभी राहिली. पाठीशी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होते. पश्चिमेत जमीन आधीपासूनच सरकारची होती. पूर्वेकडे ती खासगी मालकांकडून विकत घ्यावी लागली. त्यासाठी १९११चा वीक्स कायदा झाला. म्हणून पूर्वेतली वने ठिगळ लावल्यासारखी दिसतात, मध्येच कोणाचे शेत, कोणाचे घर. आज १५४ राष्ट्रीय वने आणि २० राष्ट्रीय गवताळ प्रदेश मिळून सुमारे १९.३ कोटी एकर क्षेत्र आहे, म्हणजे अडीच महाराष्ट्र मावतील एवढे. १९६०च्या कायद्याने लाकूड, चराई, पाणी आणि वन्यजीव यांच्या रांगेत मोकळ्या हवेतली करमणूकही वनांचे अधिकृत प्रयोजन ठरली.

हा मुक्काम मोफत आहे तो सरकारच्या दिलदारीमुळे नव्हे. २००४च्या संघराज्यीय कायद्यानुसार ज्या जागेवर सरकारने खर्च केलेला नाही किंवा अगदी थोडा केला आहे, तिथे शुल्क घेता येत नाही. एखाद्या ठिकाणी ठरावीक सोयी उभ्या राहिल्या की मग भाडे लागू शकते. काही बांधले नाही म्हणून काही घेत नाही, असा रोखठोक व्यवहार आहे. या व्यवहाराची दुसरी बाजू नवखा माणूस विसरतो. पाणी तुमचे, कचरा तुमचा, गाडी चिखलात रुतली तर तीही तुमचीच.

मुळात कॅम्पग्राउंड ही चीजच विखुरलेल्या मुक्कामावर उतारा म्हणून निघाली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक थेट झाडाखाली गाडी नेऊन चूल मांडू लागले. फॉरेस्ट सर्व्हिसने १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट या भूदृश्यरचनाकाराला नेमले आणि कोलोरॅडोत आखीव कॅम्पग्राउंडची सुरुवात झाली. पण खरे निदान केले ते एमिलियो मायनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने. कॅलिफोर्नियातली झाडे का खंगतात हे पाहताना त्याला कळले की दोष किडीचा नाही, माणसांच्या पावलांचा आणि गाड्यांच्या चाकांचा आहे. दाबून घट्ट झालेल्या मातीत मुळांना जीव धरता येत नाही. १९३२ मध्ये त्याने उपाय मांडला : एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येक गाडीला एक नेमकी खाच, बाजूला ठरलेली चूल आणि ठरलेले टेबल, आणि गाडी खाचेबाहेर जाऊ नये म्हणून कडेला धोंडे. पुढे मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी अशी कॅम्पग्राउंडे देशभर बांधली. अमेरिकेत कुठल्याही कॅम्पग्राउंडवर गेले तरी जो तोच तो आराखडा दिसतो, तो या झाडांच्या डॉक्टरचा. नुकसान एका जागी गोळा करायचे आणि बाकी जंगल वाचवायचे, हे त्याचे सूत्र. डिस्पर्स्ड कॅम्पिंगचे सूत्र नेमके उलटे : नुकसान इतके पातळ पसरायचे की जंगलाला ते जिरवता यावे. माणसे थोडी असतील तोवरच हे साधते.

जागा शोधण्याची रीत. वनातून शेकडो मैल मातीचे रस्ते गेलेले असतात, बहुतेक लाकडाच्या ट्रकसाठी काढलेले. त्यांना नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखतात. फाट्यावरच्या पाटीवर क्रमांक आडवा लिहिलेला असेल तर साधी मोटार जाईल. एकाखाली एक अंक असा उभा असेल तर पोट उंच असलेली गाडी हवी. एवढी एक खूण ठाऊक असली तर इंजिनाखालचे तेलाचे भांडे (ऑइल पॅन) फुटण्याचा प्रसंग टळतो. २००५च्या नियमानंतर प्रत्येक वनाला आपल्या मोटार-रस्त्यांचा अधिकृत नकाशा काढावा लागतो. तो फुकट मिळतो, काळा-पांढरा आणि दिसायला कंटाळवाणा, पण कायद्यात तोच धरला जातो. कोणत्या रस्त्याच्या कडेला मुक्काम चालतो आणि गाडी रस्त्यापासून किती फूट आत नेता येते (कुठे १५०, कुठे ३००) हे ठिपक्यांच्या रेघांनी त्यात दाखवलेले असते.

चांगली जागा बहुधा आधी कोणीतरी वापरलेलीच असते, आणि तशीच निवडावी असा संकेत आहे. मुख्य रस्त्यावरून एक बोळासारखा फाटा आत जातो आणि शंभरेक पावलांवर संपतो. तिथे पाइनच्या सुया तुडवून जमीन उघडी पडलेली, मधे काळवंडलेल्या दगडांचे कडे, एखाद्या बुंध्यात कोण्या शिकाऱ्याने ठोकलेला गंजका खिळा. गवतावर नवी जागा करण्यापेक्षा ही मळलेली जागा बरी. तंबू ठोकण्याआधी मात्र वर बघायचे. साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी पश्चिमेतली लाखो झाडे उभीच वाळवली आहेत आणि ती वाऱ्यात कधीही पडतात. लाकूडतोडे अशा झाडाला किंवा लटकत्या फांदीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारे, म्हणतात.

मुदत सर्वसाधारणपणे १४ दिवस, काही वनांत १६. ॲरिझोनातल्या कोकोनिनो वनात ३० दिवसांत १४ असा हिशेब आहे. ती संपली की हलायचे. घर करायला परवानगी नाही. ७५ किंवा त्याहून जास्त माणसे जमणार असतील तर मात्र परवाना लागतो. ‘रेनबो फॅमिली’ नावाचा हिप्पी वळणाचा मेळा १९७२ पासून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय वनात भरतो आणि या परवान्यावरून त्याचे फॉरेस्ट सर्व्हिसशी जुने भांडण आहे.

पाण्यापासून तंबू २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर किंवा सत्तर मोठी पावले, लांब ठेवावा असे बहुतेक वने सांगतात. शौचालाही तेच अंतर. लहान फावड्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा. तेवढ्या थरातच माती जिवंत असते, त्याहून खाली मैला लवकर कुजत नाही. खड्डा बुजवायचा, कागद पिशवीत घालून परत न्यायचा. वाळवंटी किंवा खडकाळ भागात खड्ड्याचाही उपयोग नसतो, तिथे सगळेच पिशवीतून परत न्यावे लागते. वाचायला हे नकोसे वाटते खरे, पण गर्दीची जागा बंद पडते तेव्हा कारणांच्या यादीत हा विषय हमखास असतो. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी असू शकतो. ते गाळायचे किंवा खळखळ उकळायचे, एक मिनिट, आणि ६,५०० फुटांच्या वर असाल तर तीन.

अस्वलांच्या मुलखात खाण्याच्या वस्तू तंबूत ठेवायच्या नाहीत. यलोस्टोनभोवतीच्या वनांत, जिथे ग्रिझली जातीची मोठी अस्वले आहेत, हा सल्ला नसून हुकूम आहे आणि मोडल्यास दंड. अन्न बंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचे, नाहीतर जमिनीपासून दहा फूट उंच आणि बुंध्यापासून चार फूट लांब टांगायचे. ‘अन्न’ या शब्दात टूथपेस्ट, साबण, कुत्र्याचे खाणे आणि रिकामे खरकटे पातेलेही येते. लसणीची चटणी नेणाऱ्यांनी हे जरा जास्तच मनावर घ्यावे.

आगीची गोष्ट वेगळी, कारण तिथली चूक एकट्याला भोगावी लागत नाही. २० जून २०१० रोजी फ्लॅगस्टाफजवळ, कोकोनिनो वनात, कोणीतरी न विझवता सोडलेल्या शेकोटीतून वणवा पेटला. सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या पूर्व उतारावर सुमारे १५,००० एकर जंगल जळाले. त्यात माणूस दगावला नाही. पण भाजलेल्या मातीच्या थरात पाणी मुरत नाही. ॲरिझोनातही जुलैत पाऊस लागतो आणि तिथले लोकही त्याला ‘मॉन्सून’च म्हणतात. ठीक एका महिन्याने, २० जुलैला, त्या उघड्या उतारावर जोराची सर आली. राख, चिखल आणि ओंडके घेऊन पाण्याचे लोंढे खालच्या वस्तीत उतरले आणि बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली.

म्हणून शेकोटीचे नियम सर्वांत कडक आहेत आणि ते दर आठवड्याला बदलू शकतात. उन्हाळ्यात जंगल वाळत गेले की टप्प्याटप्प्याने बंदी येते : पहिल्या टप्प्यात डिस्पर्स्ड जागी लाकडाची आग बंद, पण बटणाने विझणारी गॅसची शेगडी चालते, पुढे बंदी वाढत जाते, आणि फारच बिकट झाले तर वनच बंद. कॅलिफोर्नियात गॅसच्या शेगडीलाही परवाना लागतो, तो मोफत आहे. लाकूड घ्यायचे ते मेलेले आणि जमिनीवर पडलेलेच. आग विझवायची ती झोपण्याआधी आणि निघण्याआधी, बादलीभर पाणी ओतून, फावड्याने ढवळून, पुन्हा ओतून, आणि शेवटी हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन. ऊब लागली तर आग विझलेली नाही. नुसती माती लोटली तर निखारे खाली तासन्‌तास धुमसत राहतात. १९४४ पासून पोस्टरांवर झळकणारे ‘स्मोकी बेअर’ हे टोपीवाले अस्वल अमेरिकन मुलांना हेच शिकवत आले आहे.

हे सारे स्वातंत्र्य फक्त अमेरिकेचे नाही. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने वस्तीपासून १५० मीटर सोडून कोणालाही उघड्या रानात दोन रात्री राहता येते, जमीन खासगी असली तरी. आपल्याकडचे चित्र उलटे आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आगंतुकपणे शिरणे आणि आग पेटवणे हे दोन्ही गुन्हे आहेत. अभयारण्यात पाऊल ठेवायलाच परवानगी लागते. सह्याद्रीतला ट्रेकर गडावरच्या लेण्यात, देवळात किंवा पायथ्याच्या घराच्या ओसरीवर पथारी टाकतो ती रूढीच्या बळावर, हक्काच्या नव्हे. हरिश्चंद्रगडासारखा मुक्कामाचा गडही अभयारण्यात मोडतो.

२०२०च्या महासाथीत हॉटेले बंद झाली आणि अमेरिकेतल्या वनांवर लोटलेल्या गर्दीपुढे जुने गणित कोलमडले. सेडोना गावाजवळच्या मातीच्या रस्त्यांवर कोकोनिनो वनाला मोकळा मुक्काम बंद करून ठरावीक जागा नेमून द्याव्या लागल्या. प्रश्न नुसत्या सहलींचाही उरला नव्हता. घरभाडे न परवडणारी माणसे याच रस्त्यांवर गाड्यांत राहू लागली होती, चौदा दिवसांची मुदत ओलांडून, काही तर वर्षानुवर्षे. ओरेगनमध्ये बेंड शहराला लागून असलेल्या डेशूट्स वनात अशी मोठी वस्ती होती. १ मे २०२५ रोजी फॉरेस्ट सर्व्हिसने वणव्याचा धोका कमी करण्याच्या कामासाठी तो भाग बंद केला आणि तिथल्या लोकांना उठावे लागले.

कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूट गावाभोवतीच्या दऱ्यांत आता ‘नेमलेले डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ आहे. शब्दच एकमेकांशी भांडतात. संडास अजूनही नाही. पण रस्त्याच्या कडेला क्रमांक घातलेले खांब आहेत, खांबाशी गाडीला जागा आहे, आणि सगळे खांब भरले असतील तर आल्या रस्त्याने परत फिरायचे.