पी. के. बॅनर्जी : रेल्वेचा राइट आउट ते बंगालचा गुरू

फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जींचा (पीके) जन्म 23 जून 1936 चा, जलपायगुडीचा. खेळ वाढला तो जमशेदपूरला. कोलकात्यात आले ते 1954 मध्ये, एरियन क्लबकडून. पुढच्याच वर्षी रेल्वेची नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत ते ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले. मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा मोहमेडन स्पोर्टिंगची जर्सी त्यांनी खेळाडू म्हणून कधीच घातली नाही. 1958 मध्ये ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. या तीन बड्या क्लबांखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव त्या चषकावर पुन्हा कोरलं जायला थेट 2019 उजाडावं लागलं, यावरून त्या यशाचं मोल कळतं.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, तेव्हा त्याच आघाडीच्या फळीत उजव्या कडेला वीस वर्षांचे पीके होते. भारत चौथा आला. 1960 मध्ये रोमला ते कर्णधार होते. फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी झाली, त्यातला भारताचा गोल त्यांचा.

पण खरी कसोटी लागली जकार्तात, 1962 च्या आशियाई स्पर्धेत. इस्राएल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारला. त्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि सारं शहर भारतीय पथकावर उलटलं. 4 सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना होता. भरलेलं स्टेडियम हुर्यो उडवत होतं. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले, तरी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीला उतरवलं. सतराव्या मिनिटाला पीकेंनी गोल केला, तीन मिनिटांत जर्नेलनी दुसरा. 2-1, सुवर्णपदक! कर्करोगाने पोखरलेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले.

माझ्या मते प्रशिक्षक पीके घडले ते इथे. खेळाडूच्या पायांइतकंच त्याचं मनही तयार करावं लागतं, हे रहीम यांच्या हाताखाली त्यांनी जवळून पाहिलं होतं. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये पीके जे बोलत, त्याला बंगालने नावच दिलं : ‘व्होकल टॉनिक’.

1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताला कांस्यपदक मिळालं. 1975 च्या आयएफए शील्ड या कोलकात्याच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असं धुतलं; बागानच्या चाहत्यांची ती जखम आजही ओली आहे. आणि मग पीके गेले ते मोहन बागानकडेच! 1977 मध्ये बागानने पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला ईडन गार्डन्सवर 2-2 असं रोखलं आणि त्याच मोसमात शील्ड, ड्युरँड आणि आपल्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषकही नेला.

13 जुलै 1997, फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक माणसं. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेचा गाजावाजा झालेला. एकसष्ट वर्षांचे पीके पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर होते. त्यांच्या भायचुंग भुतियाने हॅट्‌ट्रिक ठोकली आणि ईस्ट बंगालच्या बाजूने निकाल लागला 4-1.

20 मार्च 2020 रोजी पीके गेले. 1962 च्या सुवर्णसंघाचे कर्णधार चुनी गोस्वामी त्यांच्यामागे दीड महिनाही राहिले नाहीत.